मुंजा, पाहुणा आणि चंद्रात्रे सर

चंद्रात्रे सरांनी माझ्या मुलाखतीत टेबलावर तांदळाचं ताट ठेवलं, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी सातपूरच्या एमआयडीसीत चपला झिजवत होते आणि "मुलींना शिफ्ट जमायची नाही हो" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. इथे निदान आत तरी बोलावलं होतं. मी पुस्तकं घोकून, इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. आणि समोर काय, तर इंद्रायणी तांदूळ!

"यात खडे आहेत," सर म्हणाले. "हात न लावता दाखवा."

"सर, मी इंजिनियर आहे," मी म्हटलं. "तांदूळ निवडायलाच बाई पाहिजे होती, तर जाहिरातीत तसं छापायचं."

माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या निफाडच्या घरात लहानपणापासून सगळ्यांना माहीत होतं. आता सातपूरलाही कळलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. गोल चेहरा, अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, खिशाला शाईचा डाग, पोट टेबलाला टेकलेलं. आता हे मला हाकलणार असं वाटलं. ते खुर्चीत मागे रेलून हसायला लागले.

"अहो, तुमच्याआधी मुलं येऊन गेली, त्यांनाही हेच ताट दिलं. एकाने सरळ हात घालून चिवडलं. दुसऱ्याने खडे नाहीतच म्हणून छातीठोक सांगितलं. आणि तिसऱ्याने तर तांदळाचे तुकडेच खडे म्हणून दाखवले! आता खरं सांगू का, तांदूळ आमच्या घरचेच आहेत. हिने सकाळी डब्याबरोबर पिशवीत घालून दिलेत. संध्याकाळपर्यंत निवडून न्यायचेत. तुम्ही नाही निवडलेत, तर मलाच बसावं लागेल."

आता यावर माणूस किती वेळ रागावून बसणार? मी ताटावर वाकले. नुसतं पांढरं दिसत होतं. मी डोळे ताणताण ताणले, तरी पांढरंच.

"खडा शोधू नका," सर हळूच म्हणाले. "तांदूळ बघा. निवांत, नुसता तांदूळ बघा. तांदळाने डोळा कंटाळला की खडा आपोआप टोचतो."

आणि खरंच टोचला. मग दुसरा. मग कडेला एक गारगोटीचा, तांदळाच्याच रंगाचा. मी बोटाने लांबूनच दाखवत गेले आणि सर मान डोलवत गेले. पगार, शिफ्ट, लग्न झाल्यावर काय, यांतलं एक अक्षर न विचारता ते म्हणाले, "उद्यापासून या, बोरस्ते. येताना डबा आणा, इथल्या कँटीनची उसळ खाण्याजोगी नाही."

आमची कंपनी लहानशी होती आणि तिच्या टोकाच्या खोलीत सरांचा विभाग होता. विभाग म्हणजे सर, मी, सोनवणे नावाचा सिन्नरकडचा काटक तंत्रज्ञ, दोन संगणक आणि एक कॅमेरा. पण कॅमेरा साधा नव्हता. तो उजेड बघायचा नाही, ऊब बघायचा. त्याच्या पडद्यावर गरम ते पांढरं आणि थंड ते काळं. अशा चित्रात लांबवर कुठे तरी एखादा बारीकसा ठिपका असतो, माणूस, जनावर नाही तर एखादं यंत्र. तो शोधून त्याच्याभोवती आपोआप चौकोन काढणारा प्रोग्राम लिहायचा, हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण उन्हात डोंगराचा दगड न् दगड तापतो, पत्रे तापतात, वाळलेलं गवत तापतं, आणि पडदा नुसत्या ठिपक्यांनी भरून जातो. मे महिन्यात तर दगड माणसापेक्षा गरम. त्या गर्दीतून आपला ठिपका कोणता, हे मशीनला कसं सांगायचं?

इंग्रजी पुस्तकांत या सगळ्याला भारदस्त नावं होती. सरांनी ती कधी वापरली नाहीत. मागच्या गर्दीला ते 'पसारा' म्हणत आणि शोधायच्या ठिपक्याला 'पाहुणा'. मशीनने भलतीकडेच चौकोन काढला की ती 'आरोळी'. किती उठून दिसला म्हणजे ठिपका पाहुणा मानायचा याची एक मर्यादा आम्ही ठरवून द्यायचो, तो 'उंबरठा'. उंबरठा खाली ठेवला की कोणीही आत शिरतं, वर केला की कोणीच येत नाही. "पाहुणा दिसला नाही, तर ते पाप," सर म्हणायचे, "पण उगीच आरोळी ठोकली तर महापाप. दोनदा खोटं ओरडलेल्या माणसाकडे तिसऱ्यांदा कोणी वळूनसुद्धा बघत नाही."

गंमत म्हणजे हा कॅमेरा चालू करण्याआधी गार करावा लागायचा. थर्मासमधून धूर सोडणारा गारढोण द्रव आणून त्याच्या पोटात ओतायचा, मग तो बघायला लागायचा. मी कशावरून तरी भडकले, आणि मी रोजच कशावरून तरी भडकायचे, की सर सोनवणेला हाक मारत, "अरे, थर्मास आण रे. बोरस्तेंचा कॅमेरा तापलाय. दुसऱ्याची ऊब बघायची तर आधी आपण गार पाहिजे." मेला सोनवणे खरंच थर्मास घेऊन दारात उभा राहायचा.

पहिले कित्येक दिवस सरांनी मला प्रोग्रामची एक ओळ लिहू दिली नाही. कॅमेरा गच्चीवर न्यायचा, पांडवलेण्याच्या डोंगराकडे रोखायचा आणि बघत बसायचं. डोंगरावर कोणी नाही, काही नाही. सकाळी बघायचं, दुपारी बघायचं, ढग आल्यावर बघायचं. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, पाहुणा कधी दाखवणार?"

"ज्याला पसारा पाठ आहे, त्याला पाहुणा दाखवावा लागत नाही," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी उचलून पुन्हा रिकाम्या डोंगराकडे बघायला लागले. असं रिकामं बघताना त्यांचा चेहरा जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा दिसायचा.

असा हा माणूस स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र ठार आंधळा. चष्मा कपाळावर ठेवून खोलीभर चष्मा शोधणार. रविवार कारंजावर स्कूटर लावून भाजी घ्यायला गेले की परत येताना स्कूटर गायब. मग पोलिसाला विचारणार, पानवाल्याला विचारणार, शेवटी रिक्षाने घरी. दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, नलूकाकू, जाऊन स्कूटर घेऊन येत. काकू शाळेत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "मैलावरचा माणूस दिसतो म्हणे यांना. नाकासमोरचं दाखवणारा कॅमेरा कधी काढणार, तेवढं विचार गं."

आता पेढ्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमचा पहिला प्रोग्राम तयार झाला. सोनवणेने रॉकेलचा स्टोव्ह घेऊन डोंगरावर जायचं, कुठे तरी झुडपाआड तो पेटवायचा, आणि मशीनने तो शोधायचा, असं ठरलं. सोनवणे सायकलला स्टोव्ह बांधून निघाला. तासाभराने आम्ही प्रोग्राम चालू केला, आणि काय सांगू, पडद्यावर डोंगराच्या उजव्या खांद्याला एक चौकोन! पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच. दहादा चालवला तरी चौकोन तसूभर हलला नाही. सरांनी टाळी वाजवली, मी किंचाळले, खालून कंपनीचे शेठ स्वतः गच्चीवर आले. शेठ तसे हात आखडून असायचे, पण त्या दिवशी त्यांनी माणूस पाठवून पेढे मागवले. सगळ्या कंपनीला वाटले. वॉचमनला दोन दिले.

सरांच्या तोंडात पेढा होता, तेवढ्यात जिन्यावर सायकलवरून आल्यासारखी धाप ऐकू आली. सोनवणे हातात स्टोव्ह घेऊन वर आला. "सर, स्टोव्हमध्ये रॉकेलच नव्हतं हो. मी पायथ्यावरूनच परत आलो."

शेठनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. डोंगरावर कोणीच नव्हतं, मग आम्ही कोणाचे पेढे खाल्ले? सरांनी पेढा गिळला, कॅमेऱ्याजवळ गेले आणि त्याचं तोंड हळूच आभाळाकडे वळवलं. डोंगर पडद्यावरून निघून गेला. ठिपका तिथेच! निरभ्र आभाळात चौकोन दिमाखात बसलेला. कॅमेऱ्याच्या आतलाच एक कण बिघडून कायमचा पांढरा झाला होता.

"मुंजा!" सर ओरडले. "अरे, हा तर मुंजा आहे! पिंपळ सोडत नाही बघा. आपण जिकडे जाऊ तिकडे आपल्याबरोबर." आणि मग ते असे हसत सुटले, की शेठनासुद्धा हसू आवरेना. सर डोळे पुसत म्हणाले, "वाटा, उरलेले पेढे वाटा. पाहुणा नाही, पण मुंजा तर सापडला." त्या दिवसापासून आमच्याकडे नियमच झाला. चौकोन आला की आधी कॅमेऱ्याची मान हलवायची. ठिपका आपल्याबरोबर सरकला तर दोष आपल्या डोळ्यात. डोंगराबरोबर राहिला तर तो तिथे आहे, मग कोणाला पटो न पटो.

पण पेढे शेठच्या मनातून गेले नाहीत. काही वर्षं अशीच गेली, आमचा प्रोग्राम सुधारत होता, पण विकला जात नव्हता. शेवटी एका हिवाळ्यात शेठ खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "चंद्रात्रे, उन्हाळ्यात बाहेरचे तपासणारे अधिकारी येतायत. त्यांनी पास केलं तर ऑर्डर मिळेल, तुमचा विभाग राहील. नाही केलं, तर ही खोली मी पॅकिंगला देतो. माझाही इलाज नाही."

दुसऱ्याच दिवशी पॅकिंगचा सुपरवायझर टेप घेऊन खोली मोजायला आला. त्यानंतर अधूनमधून यायचाच. सर खुर्चीत बसल्याबसल्या पाय वर घ्यायचे आणि म्हणायचे, "मोजा, नीट मोजा, पोटाचे वेगळे धरा." मला हसू यायचं नाही. सोनवणेचं नुकतंच लग्न झालं होतं. माझ्यासारखीला पुन्हा कोण मुलाखतीला बोलावणार होतं? आणि सरांना पन्नाशी उलटल्यावर? त्यांनी पुण्याची चांगली नोकरी या कामासाठी सोडली होती, हे मला काकूंनी सांगितलं होतं. सर स्वतः एकदाच बोलले, तेही स्कूटरला किक मारता मारता. "बोरस्ते, हे बंद झालं तर मला दुसरं काही येत नाही गं. मला नुसतं बघता येतं."

तपासणी चांदवडजवळच्या डोंगरावर, मे महिन्यात. नियम त्यांनीच सांगितले: समोरच्या उतारावर आम्ही एक तापवलेली पत्र्याची पाटी कुठेही ठेवू, तुमच्या मशीनने ती दाखवायची, आणि तिच्याशिवाय कुठेही चौकोन येता कामा नये. एक जरी खोटी आरोळी झाली, तरी नापास.

सर आम्हाला तीन-चार दिवस आधीच घेऊन गेले. एका शेतकऱ्याच्या कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत आम्ही मुक्काम ठोकला. कपड्यांना, केसांना, चहालासुद्धा कांद्याचा वास. आणि दिवसभर काय, तर रिकामा डोंगर! सरांनी एकेका दगडाला नावं ठेवली. ही म्हैस, हे तीन भाऊ, ती उशी. उशी म्हणजे एक पुढे आलेला आडवा कातळ होता, त्याच्या पोटाखाली दिवसभर सावली. पडद्यावर सगळा डोंगर पांढराफटक आणि तिथे तेवढा काळा पट्टा. "उशीखाली गारवा आहे, काही नाही," सर घोकल्यासारखे म्हणायचे. "म्हशीच्या पाठीवर दुपारी झळ येते, ती खरी नाही."

तपासणीच्या सकाळी दोन अधिकारी नाशिकहून भाड्याच्या जीपने आले. त्यांच्यातले मोठे, मिश्यांचे कर्नलसारखे दिसणारे गृहस्थ, हिंदी बोलायचे. त्यांनी पाटी तापवली, धाकट्याबरोबर पाठवून उतारावर ठेवून घेतली, धाकटा परत आला आणि दोघं चाळीच्या त्या टोकाला चहा घ्यायला गेले. म्हणाले, "आप चालू कीजिए, हम आते हैं."

मी प्रोग्राम चालू केला. पडदा लुकलुकला. तीन भावांच्या खाली एक चौकोन. पाटी! माझ्या जिवात जीव आला. आणि लगेच दुसरा चौकोन, उशीखाली, काळ्या पट्ट्याच्या कडेला. इतका फिका ठिपका, की चौकोन नसता तर मला तो दिसलाही नसता.

शेठ माझ्या मागेच उभे होते. त्यांच्या तोंडून "अरे देवा" निघालं. मग ते खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "बोरस्ते, तो उंबरठा की काय तो जरा वर करा. पाटी ठळक आहे, ती राहील. दुसरा जाईल. ते चहा घेतायत तोवर उरका."

खोटं कशाला बोलू, त्यांचं गणित बरोबर होतं. एक आकडा बदलायचा अवकाश. तो फिका चौकोन गेला असता, विभाग वाचला असता. मी सरांकडे बघितलं. सर पडद्याकडे बघत होते, चष्मा कपाळावर.

"कॅमेरा जरा डावीकडे घे," ते म्हणाले.

मी कॅमेऱ्याची मान वळवली. डोंगर पडद्यावर उजवीकडे सरकला आणि फिका ठिपका डोंगराबरोबर सरकला.

"मुंजा नाही," सर म्हणाले. "आपला डोळा ठीक आहे."

"मग दगड असेल!" शेठ कळवळून म्हणाले. "चंद्रात्रे, एक दगड! एका दगडासाठी सगळं घालवणार आहात का?"

"शेठ, चार दिवस मी ती सावली बघतोय. तिथे काही नव्हतं. आज आहे. काय आहे ते मला माहीत नाही." सर माझ्याकडे वळले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आवाज नेहमीसारखाच होता. "उंबरठा हलवायचा नाही, बोरस्ते. उंबरठा एवढा उंच करू नये, की घरचाच माणूस बाहेर राहील."

आणि हा माणूस उठून थेट चहा पिणाऱ्या साहेबांकडे गेला! सरांचं हिंदी म्हणजे नाशिकचं हिंदी. "साहब, दो चौकोन आया. एक आपका है. दूसरा किसका है मालूम नहीं, लेकिन है."

मोठे साहेब कप खाली ठेवत म्हणाले, "तो फिर फॉल्स अलार्म हो गया, प्रोफेसर साहब. रूल तो रूल है."

"पहले जाके देखते. खाली निकला, तो मैं खुद लिखके देता, की नापास."

साहेबांनी खांदे उडवले. सोनवणे पाण्याची बाटली घेऊन उतार चढायला लागला. पडद्यावर तो चालता ठिपका होऊन वर वर सरकत होता. शेठ चाळीच्या खांबाला धरून उभे. मी मनातल्या मनात सप्तशृंगीला नवस बोलत होते, आणि नवस काय बोलायचा तेच कळत नव्हतं. तिथे काही तरी असू दे? काय असू दे? सर तेवढे स्टुलावर बसून माझ्याच डब्यातला लाडू खात होते. लाडवाचा चुरा मात्र शर्टावर पडत होता.

सोनवणेचा ठिपका उशीपाशी पोचला. फिका ठिपका आणि हा ठिपका जवळ आले आणि दोघांचा मिळून एकच मोठा ठिपका झाला. मग तो हळूहळू खाली यायला लागला.

"हलतोय," मी म्हटलं. "सर, तो हलतोय! माणूस आहे!"

मोठ्या साहेबांनी पडदा बघितला, मग जीपकडे बघितलं. "अपना ड्राइवर किधर है?"

धाकटा म्हणाला, "ढाबे पे गया होगा सर."

ड्रायव्हर ढाब्यावर नव्हता. सोनवणेच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत तो उतरत होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात प्लास्टिकचं टमरेल होतं. सकाळी सगळे पाटी तापवण्यात गुंतलेले असताना बिचारा परसाकडेला म्हणून उतारावर आडोशाला गेला, दगडावरून घसरला आणि पायाच्या घोट्याची पार वाट लागली. कसाबसा सरपटत सावलीला जाऊन बसला होता.

"लय हाका मारल्या साहेब," तो चाळीत टेकता टेकता म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "वारा उलटा हाय ना, कुणालाच नाय ऐकू आलं. मंग म्हनलं, आता संध्याकाळीच सापडतो आपण." आणि तशातही खिशात हात घालून म्हणाला, "पण गाडीची चावी हाय बरं का, काळजी नका करू."

नाव निवृत्ती, राहणारा चांदवडचाच. त्या उन्हात दुपार उलटेपर्यंत तो तिथे बसला असता तर काय झालं असतं, हे बोलायला कोणी तयार नव्हतं. सरांनी स्वतः त्याला पाणी पाजलं, रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला, आणि मग चाळीमागे जाऊन खूप वेळ उभे राहिले. मी बोलवायला गेले तर डोळे लाल. "कांद्याने," ते म्हणाले. मीही म्हटलं, "हो, लय तिखट आहे इथला कांदा." आणि त्यांच्याबरोबर मीही तिथेच रडून घेतलं.

मोठ्या साहेबांनी निकाल तोंडीच सांगितला. "एक हमने रखा था, एक हमने खोया था. दोनों मिल गए. इसको फॉल्स अलार्म कौन बोलेगा?" शेठनी चांदवडच्या बाजारातून पेढे मागवले. वाटण्याआधी त्यांनी सरांना विचारलं, "या वेळी खातोय ना नक्की?" सर म्हणाले, "खा, खा. पाहुण्याने आधी खाल्लाय." निवृत्तीभाऊ पाय सोडून बसले होते आणि तिसरा पेढा तोंडात होता.

पुढची बरीच वर्षं खोली आमचीच राहिली. पॅकिंगवाल्याने टेप दुसरीकडे नेली. पुढे शेठ थकले, कंपनी विकली गेली, सोनवणेने अंबडला स्वतःचं वर्कशॉप टाकलं, मी लग्न होऊन पुण्याला गेले आणि तिथेही हेच काम करत राहिले. माझ्या हाताखालच्या पोरांना मी अजून पहिले काही दिवस रिकामी चित्रं बघायला लावते. ती मागून माझी नक्कल करतात. करू देत.

सर निवृत्त झाल्यावर मी नाशिकला आले की त्यांच्याकडे जायचेच. प्रत्येक उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीवर कांद्याचं पोतं दिसायचं. निवृत्तीभाऊ चांदवडहून स्वतः आणून टाकायचे. सर त्यांची ओळख सगळ्यांना एकाच शब्दात करून द्यायचे, "हा आमचा पाहुणा."

नंतर सरांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही, डोळ्यातल्या पडद्याचा आजार झाला. कडेचं दिसायचं, पण मधोमध काळा डाग. मला वाटलं, ज्याला नुसतं बघता येतं त्याच्यावर देवाने हे आणावं? मी तडक भेटायला गेले, तर हे खुर्चीत बसून हसतायत. "बोरस्ते, मुंजा आला गं माझ्याकडे राहायला! मान हलवली की बरोबर येतो. एवढी वर्षं दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातले हुडकले, आता पिंपळ मीच." मग ते माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यापलीकडच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, मी इकडे आहे."

"गप. माहितेय मला. समोर बघितलं की तू डागाखाली जातेस. बाजूला बघितलं की कडेने दिसतेस." त्यांनी मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. "हां. जागची हलली नाहीस. खरी आहेस."

ती आमची शेवटची भेट ठरली. त्याच पावसाळ्यात सर झोपेतच गेले. जाण्याआधी आठवडाभर स्कूटर कुठे लावली ते विचारत होते म्हणे. स्कूटर विकून कित्येक वर्षं झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी काकूंना भेटायला गेले, तर दारात निवृत्तीभाऊ, खांद्यावर पोतं. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. काकूंच्या कपाळाकडे बघून ते समजले. पोतं खाली ठेवून ओसरीवरच बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मला म्हणाले, "ताई, इतकी वर्षं सरांना इचारीन इचारीन म्हनलं अन् राहूनच गेलं. त्या दिवशी तुमच्या त्या पडद्यावर मी किती दिसत व्हतो?"

"एक ठिपका," मी म्हटलं. "ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक. आणि फिका."

"एवढुसा?"

"एवढुसा."

"अन् तेवढ्यासाठी सर थांबले?"

मी हो म्हणून मान हलवली. भाऊंनी टोपीने डोळे पुसले. काकू आत गेल्या. आम्हाला वाटलं, रडायला गेल्या. त्या बाहेर आल्या त्या हातात तांदळाचं ताट घेऊन, आणि ते त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.

"बसलाच आहात तर एवढं करा," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून माझे तांदूळ निवडायचे राहतात. आणि हात लावायचा नाही हं, घरात नियम आहे."

निवृत्तीभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ताटावर वाकले. मीही वाकले. आम्ही नुसता तांदूळ बघत राहिलो. पहिला खडा त्यांना दिसला.